टाळी आणि कर्णे

मेक्सिकोतील चिचेन इत्सा येथील मोठ्या पिरॅमिडासमोर टाळी वाजवा. 91 पायऱ्यांवरून परतणारा नाद पाखराच्या किलबिलीसारखा घसरत येतो. माया लोकांना प्रिय असलेल्या केत्साल पक्ष्याचा हा आवाज स्थपतींनी मुद्दाम साधला, असे काही संशोधक म्हणतात. मला शंका आहे. तसल्या पायऱ्यांची कोणतीही लांब रांग असा नाद देईल. शिवाय या जिन्याची डागडुजी विसाव्या शतकातली!

पण म्हणून माया चौक मुका ठरत नाही. शिलालेख वाचू शकणारे थोडकेच. समारंभ लोकांच्या कानी पडे तो वाद्यांतून. बोनाम्पाकच्या भिंतीवर, इ. स. 790च्या सुमारास, चित्रकाराने हा वाद्यमेळ रंगवून ठेवला आहे: लांब कर्णे, उभा ढोल, खुळखुळे आणि हरणाच्या शिंगाने वाजवायची कासवाची पाठ.