अंधाराची भीती आणि चार हजार उंदीर

आठवण बाटलीत भरता येते काय? १९६० च्या दशकात हा प्रश्न वेडगळ मानला जात नव्हता. आनुवंशिक माहिती डीएनएच्या रेणूत साठवलेली असते, हे नुकतेच उलगडले होते. मग शिकलेल्या गोष्टींसाठीही मेंदू एखादा रेणू घडवत असेल, ही कल्पना अनेकांना मोहवीत होती. मिशिगन विद्यापीठातील जेम्स मॅकॉनेल यांनी तर प्रशिक्षित चपट्या कृमींचे तुकडे इतर कृमींना खाऊ घातले आणि शिकवणही पोटात गेल्याचा दावा १९६२ मध्ये केला.

ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयातील औषधशास्त्रज्ञ जॉर्ज उंगार मूळचे हंगेरीचे. उंदराला अंधार प्रिय. उंगार यांनी अंधाऱ्या खोक्यात शिरणाऱ्या उंदरांना विजेचे झटके देऊन तो अप्रिय केला. त्यांच्या मेंदूचा अर्क टोचलेल्या चिमुकल्या उंदरांनीही, एकही झटका न खाता, अंधाराकडे पाठ फिरवली, असे त्यांनी नोंदवले. सुमारे ४,००० उंदरांच्या मेंदूंतून अखेर १५ अमिनो आम्लांचे एक पेप्टाइड हाती आले. नाव ठेवले स्कोटोफोबिन. ग्रीकमध्ये अंधाराची भीती.

उंगार यांची भूमिका पुढे फार सोपी करून सांगितली गेली, हे त्यांच्यावर अन्यायकारकच. संपूर्ण आठवण एका रेणूत असते, असे ते म्हणत नव्हते. पेप्टाइड ही चेतामार्गांवरील खूण आहे. टोचलेला रेणू आपला मार्ग हुडकून तो जागा करतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

पण प्रयोग इतरांच्या हातून वठेना. अर्काने शिक्षण संक्रमित होत नसल्याचे निवेदन १९६६ मध्येच ‘सायन्स’मध्ये २३ संशोधकांच्या सह्यांनिशी आले होते. १९७२ मध्ये ‘नेचर’ने स्कोटोफोबिनचा लेख छापला, तो परीक्षक वॉल्टर स्ट्यूअर्ट यांच्या टीकेसह. रेणूची शुद्धता आणि रचना या दोहोंवर आक्षेप घेणारी ती टीका मूळ लेखाहून लांब होती!

त्याच काळात नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे डेव्हिड डी व्हीड वेगळेच काही पाहत होते. पियुषिका ग्रंथीचा मागील भाग काढलेले उंदीर धडा शिकत, पण लवकर विसरत. व्हॅसोप्रेसिन हे पेप्टाइड दिल्यास तो टिके. धडा कोणता, हे त्या रेणूला ठाऊक नव्हते. हा परिणाम स्मृतीवरचा की केवळ उत्तेजनेचा, यावर पुढे वाद झाला. एरिक कँडल यांनी सागरी गोगलगाईत दाखवले की शिकताना चेतापेशींमधल्या जोडण्यांचे बळच बदलते. त्यांना २००० मध्ये नोबेल मिळाले.

उंगार १९७७ मध्ये निवर्तले. स्कोटोफोबिनचा शोध घेणारे त्यांच्यामागे फारसे कोणी उरले नाही.