रोखे का जाळले?

शिरूर तालुक्यातले करडे आणि सुपे ही दोन गावे माझ्या वह्यांत गेली वीस वर्षे शेजारी राहतात. डिसेंबर १८७४ मध्ये करड्याच्या काळूराम या सावकाराने गावच्या देशमुखांविरुद्ध हुकूमनामा मिळवला आणि गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. न्हावी, परीट, चांभार कोणी त्यांच्या दारी जाईना. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात वह्या आणि कर्जरोखे जाळले गेले. सुपे आज बारामती तालुक्यात असले तरी तेव्हा भीमथडीत होते, दौंडही त्यातच.

मोडी मी घरी शिकलो, इतिहासाची पदवी नाही. एका चर्चासत्रात कोणी विचारले, "तुमची सैद्धान्तिक चौकट कोणती?" मी म्हणालो, मी फक्त कागद वाचतो. हे खरे नव्हते. भोळा कुणबी, लबाड सावकार आणि निर्दोष सरकारी सारा, हा चौकशी आयोगाचा सिद्धान्तच माझ्या टिपणांत मुरलेला होता. मला त्याचा पत्ता नव्हता, इतकेच.

मग ई. पी. टॉम्प्सन यांचा इंग्लंडमधल्या धान्य-दंगलींवरचा १९७१ चा निबंध धडपडत वाचला. जमाव नुसत्या भुकेने उठत नाही. रास्त व्यवहाराची जी रूढ कल्पना असते ती मोडली की उठतो, असे त्यांचे म्हणणे. मी नवशिक्याच्या उत्साहाने सगळे त्यात कोंबले. करडे छान बसले. सुपे बसेना. तिकडचा जमाव रास्त भावाने धान्य मागत होता. सुप्यातही धान्याची दुकाने लुटली गेली, पण लोक आधी कागद मागत होते.

कागदच का? या न बसण्यानेच मला माझ्या पेटीकडे परत पाठवले. एकाच कुळाची, तीन-तीन वर्षांच्या अंतराने लिहिलेली खते तिच्यात होती. मी ती वेगवेगळी कर्जे म्हणून मोजली होती. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोखा तीन वर्षेच चाले. म्हणून सावकार थकलेले व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेई. कर्ज एकच, कागद चार. कायदा कुळाच्या रक्षणासाठी केला होता, हे विशेष! १८७९ च्या शेतकरी कायद्याने कोर्टाला रोख्यामागचा मूळ व्यवहार तपासायची मुभा दिली, ती का, हेही तेव्हा उमगले.

नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये या दंगलींच्या व्याप्तीचा फुगा फोडला आहे. त्यांचे बरेचसे मला पटते. दंगल थोड्याच गावांत झाली. पण थोड्या गावांनी कागदच का निवडला, हा प्रश्न व्याप्ती मोजून सुटत नाही.

कर्जांचा माझा जुना तक्ता आता रद्द आहे. कुळवार नवा करायला घेतला आहे. पहिल्या पेटीतली निम्मी खते झाली.