घुसमट : खोलीतली आणि मनातली

‘घुसमट’ हा शब्द आपण कोंदट खोलीबद्दलही वापरतो आणि मनाबद्दलही. एकोणिसाव्या शतकात डॉक्टरांनी या दोन्ही घुसमटींचा अभ्यास सुरू केला.

१८५८ मध्ये म्युनिकच्या माक्स पेटेनकोफर यांनी खोलीतील हवेसाठी एक मर्यादा सुचवली. कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण ०.१ टक्का, म्हणजे दहा लाखांत १००० भाग, याच्या वर गेले की हवा कोंदट समजावी. एवढ्या प्रमाणात हा वायू विषारी नसतो. पण माणसांनी सोडलेला श्वास खोलीत किती साचला आहे, हे त्यावरून कळते. कोविडच्या साथीत बंद जागांची हवा तपासताना हीच खूण कामी आली.

मनाच्या घुसमटीची कथा व्हिएन्नातली. १८८० मध्ये आजारी वडिलांची शुश्रूषा करताना बेर्टा पापेनहाइम ही तरुणी स्वतःच आजारी पडली. हातपाय लुळे पडत, मातृभाषा बोलता येईना. तिचे डॉक्टर योझेफ ब्रॉयर रोज तिचे बोलणे ऐकून घेत. त्यानंतर तिला काही काळ हलके वाटे. या उपचाराला ती गमतीने ‘धुराडे झाडणे’ म्हणे. १८९५ मध्ये ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी तिची हकीकत नाव बदलून प्रसिद्ध केली. बोलण्याने ती पूर्ण बरी मात्र झाली नव्हती. १८८२ मध्ये तिला रुग्णालयात दाखल करावे लागले होते. पुढे ती स्त्रियांसाठी मोठे काम करणारी कार्यकर्ती झाली.

तरीही ‘मनातली वाफ बाहेर काढा, राग शांत होईल’ हा समज रूढ झाला. २००२ मध्ये अमेरिकेतील ब्रॅड बुशमन यांनी तो तपासला. ज्याने डिवचले त्याला मनात आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारणाऱ्यांचा राग उलट जास्त राहिला. नुसते शांत बसलेले लोक कमी रागावलेले होते.

मग मन मोकळे करूच नये का? जरूर करावे. पण आदळआपट करणे आणि मन मोकळे करणे यांत फरक आहे. खोलीतली हवा खेळती राहायला एक खिडकी पुरत नाही. समोरून ताजी हवा आत यावी लागते. मनाचेही तसेच. विश्वासाच्या माणसाला काय घडले आणि काय वाटले, ते सांगा, आणि त्याचेही ऐका. तेच दुःख रोज उगाळूनही झोप, भूक, काम बिघडलेले असेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरांना भेटायला उशीर करू नका.