बुधाच्या ध्रुवांवरील बर्फाचा रडारने घेतलेला वेध

शहापूर तालुक्यातील डोळखांबहून पाहा किंवा मुंबईहून, बुध ग्रह सूर्यापासून सुमारे २८ अंशांपलीकडे कधीच जात नाही. त्यामुळे तो संधिप्रकाशात थोडाच वेळ दिसतो. रडारला ही अडचण येत नाही. जुन्नरजवळील खोडद येथील रेडिओ दुर्बीण केवळ लहरी ग्रहण करते. रडार मात्र स्वतः लहरी पाठवून त्यांचा प्रतिध्वनी टिपते.

ऑगस्ट १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोनच्या ७० मीटर व्यासाच्या अँटेनाने बुधाकडे लहरी सोडल्या. न्यू मेक्सिकोतील २७ अँटेनांच्या दुर्बिणीने त्यांचे प्रतिध्वनी टिपले, तेव्हा उत्तर ध्रुवाचा परिसर अनपेक्षितपणे उजळ दिसला. पुढे अरेसिबोच्या रडारने हे उजळ डाग विवरांमध्ये असल्याचे दाखविले.

दिवसा सुमारे ४३० अंश सेल्सियसपर्यंत तापणाऱ्या ग्रहावर बर्फ टिकेल कसा? बुधाचा अक्ष जवळजवळ कललेला नसल्याने ध्रुवीय विवरांच्या तळाशी ऊन पोहोचतच नाही. तरीही, हे डाग गंधकाचे असावेत, अशीही एक शक्यता मांडली गेली होती. 'मेसेंजर' यानाने बुधाभोवती फिरून केलेल्या न्यूट्रॉन मोजणीतून २०१२ मध्ये बर्फाच्या बाजूने भक्कम पुरावा मिळाला.

'चांद्रयान-१'वरील रडारलाही चंद्राच्या उत्तर ध्रुवाजवळ बर्फाची शक्यता सुचविणारी ४०हून अधिक विवरे आढळली. मात्र खडकाळ पृष्ठभागही तसाच प्रतिध्वनी देऊ शकतो. म्हणूनच रडारचा कौल अन्य उपकरणांनी पडताळून पाहावा लागतो.