जुन्या आवृत्त्यांची बिल्ड-दुरुस्ती

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती आजच्या संगणकावर मूळ संहितेपासून पुन्हा बांधता यावी म्हणून केलेले किमान बदल. बांधणी अडते तेव्हा मूळ संहितेतले अक्षरही हललेले नसते. बदललेले असतात भोवतीचे कंपायलर, लायब्ररी आणि साधने.

मुंबईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांच्या जीसीसी रिसोर्स सेंटरने कंपायलरची अंतर्रचना शिकवण्यासाठी जीसीसी या कंपायलरच्या चौथ्या मालिकेचा आधार घेतला. त्यातली मार्च २०११ची ४.६.० आवृत्ती आज लिनक्सवर बांधू गेल्यास ‘लिनक्स-अनवाइंड.एच’ या फाइलपाशी अडते. ग्लिबसी या सी-लायब्ररीच्या २.२६ आवृत्तीने (२०१७) ‘स्ट्रक्ट यूकॉन्टेक्स्ट’ हे नाव काढून टाकले. त्या जागी ‘यूकॉन्टेक्स्ट_टी’ लिहिले की गाडी पुढे सरकते. दस्तऐवज बनवणाऱ्या टेक्सइन्फो ५च्या कडक नियमांत जुने दस्तऐवज नापास होतात. ते वगळले तरी कंपायलरला काही उणे पडत नाही.

बांधणीच्या लॉगमधली शेवटची चूक बहुधा नुसता परिणाम असते. म्हणून ‘मेक’ हे बांधणीचे साधन एकेरी (एका वेळी एकच काम) चालवून पहिली चूक शोधावी.

जीसीसी १० (२०२०) पासून एकच जागतिक चल ‘एक्स्टर्न’शिवाय अनेक फाइलींत घोषित केल्यास लिंकर अडतो. ‘-एफकॉमन’ पर्यायाने तो गप्प बसतो, पण एका फाइलीत व्याख्या ठेवून बाकीच्या घोषणा ‘एक्स्टर्न’ करणे हीच खरी दुरुस्ती. असे बदल वेगळ्या पॅच-फाइलीत ठेवावेत. मूळ संग्रहाला हात लावू नये.

जुने निष्कर्ष तंतोतंत पडताळायचे असतील तर जुने वातावरणच उभे करणे श्रेयस्कर. डेबियन या लिनक्स वितरणाच्या स्नॅपशॉट संग्रहात २००५पासूनची पॅकेजे मिळतात. त्यांत जुन्या सुरक्षा-त्रुटीही असतात. म्हणून असे वातावरण असलेले यंत्र इंटरनेटपासून तोडून चालवावे.