ताप उतरला, शीण राहिला

चिकुनगुन्या हा शब्द आफ्रिकेतल्या मकोंडे भाषेतला. माणसाला वाकवून टाकणारा, असा त्याचा अर्थ. १९५२ साली टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, हा रोग पहिल्यांदा ओळखू आला. आपल्याकडं १९६३ ला कलकत्त्यात आणि १९७३ ला बार्शीत त्याची साथ आली. मग तीसेक वर्षं तो गडप होता. पुन्हा उगवला तो २००५ च्या शेवटाला. २००६ साली देशात १३ लाखांवर संशयित रुग्ण नोंदले गेले.

आमच्या गावात घरटी एक तरी माणूस आडवा होता. नावात चिकन ऐकून काहींनी कोंबडी खायची सोडली. खरा दोष दिवसा चावणाऱ्या डासाचा, आणि तो वाढायचा आमच्याच रांजणात, हौदात. नळाला आठवड्यानं पाणी यायचं; साठवल्याबिगर भागणार कसं?

ताप चार-पाच दिसांत उतरला, पण अंग काही उठंना. सकाळी मूठ वळायची नाही. दाव्याची गाठ सुटंना, गाईची धार निघंना. तासभर खुरपलं की बाया बांधावर बसायच्या. कुणाचं महिन्यात सरलं, कुणाला वर्ष लागलं. आई म्हणायची, "मेला ताप गेला, पर बळ घिऊन गेला."

ताप नाही म्हणून मुकादम अर्धीच हजेरी मांडायचा, घरचे आळशी म्हणायचे. साथीच्या हिशेबात रुग्ण मोजले गेले; बुडालेली मजुरी आणि ऐकून घेतलेले टोमणे मात्र कुठंच मांडले नाहीत. म्हणून ते इथं लिहून ठेवतो.