ईम गावची वेस

इंग्लंडातल्या खेड्याचा कारभार पूर्वी 'पॅरिश'वर चाले. पॅरिश म्हणजे एक चर्च, त्याचा पाद्री आणि त्याच्या हद्दीतली घरे-शिवारे. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची नोंद १५३८ पासून पाद्र्याच्या वहीत होऊ लागली. पुढे १६०१ च्या कायद्याने गोरगरिबांना पोसण्याचा भारही पॅरिशवर आला; त्यासाठी गावात पट्टी बसे. म्हणजे पॅरिश नुसती पूजेअर्चेची नव्हे, एकमेकांना सांभाळण्याचीही व्यवस्था होती.

तिची कसोटी लागली ती डर्बीशायरच्या डोंगराळ मुलखातल्या ईम गावी. शेती आणि शिशाच्या खाणी, यांवर जगणारे हे गाव. १६६५ साली लंडनहून इथल्या शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला. त्यातल्या पिसवांबरोबर प्लेग आला, असे सांगतात. गठ्ठा उघडणारा जॉर्ज व्हिकर्स सप्टेंबरात दगावला आणि मग घरोघर माणसे मरू लागली.

पाद्री विल्यम मॉम्पेसन तरुण आणि गावाला नवखा. लोकांचा ओढा जुन्या पाद्र्याकडे, थॉमस स्टॅन्लीकडे. धर्ममतांच्या वादापायी स्टॅन्लीची जागा गेली होती. दोघांची मते जुळणारी नव्हती. पण १६६६ च्या जूनमध्ये दोघे एक झाले आणि त्यांनी गावाला पटवले : वेस ओलांडायची नाही, प्रार्थना उघड्या माळावर करायची, आपले मृत आपणच पुरायचे. डेव्हनशायरच्या अर्लने धान्य-सामान पुरवले. शेजारगावचे लोक हद्दीच्या दगडाशी जिन्नस ठेवून जात. पैसे दगडातल्या खळग्यात, व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलेले असत.

वेस एरवी परक्याला अडवण्यासाठी. इथे ती गावाने स्वतःलाच घातली! त्याचे मोल किती? एलिझाबेथ हॅन्कॉक या बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा लेकरे स्वतःच्या हाताने पुरली. ऑगस्टात मॉम्पेसनची पत्नी कॅथरिनही गेली. चौदा महिन्यांत सुमारे २६० माणसे दगावली.

काही सधन कुटुंबे आधीच निघून गेली होती, हेही खरे. कोंडून राहिल्याने गावातले मृत्यू वाढले असतील, असेही आजचे काही अभ्यासक म्हणतात. पण आसपासच्या गावांत साथ पसरली नाही. दरवर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ईमचे लोक त्या मृतांसाठी प्रार्थना करतात.